छातीच्या फोटोतला डाग

१९४६ च्या हिवाळ्यात कल्याणच्या एका दवाखान्यात माझ्या छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग निघाला. त्याआधी मी फ्ल्यूने अंथरुणाला खिळून होतो. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या गावात त्या थंडीत घरोघरी ताप होता. माझा ताप उतरला, खोकला राहिला, म्हणून शहापूरच्या डॉक्टरांनी मला फोटोसाठी पाठवले होते.

फोटो पाहून त्यांनी क्षयाची शंका सांगितली. "पक्कं कळेपर्यंत वेगळं राहायचं. बाळाला जवळ घ्यायचं नाही."

लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर आम्हाला मुलगी झाली होती. ती अजून पालथी पडायलाही लागली नव्हती. आईची गावदेवीवर श्रद्धा होती. माझी कशावर फारशी नव्हती. शहापूरहून बैलगाडीने घरी निघालो तेव्हा मात्र मी हात जोडले. काय मागावे ते सुचेना. मुलीचे नाव घेतले आणि थांबलो.

वाटेत अवकाळी सर आली आणि एका पाड्याजवळ गाडीचा आख मोडला. पहिल्याच घरातल्या म्हातारीने, ओळखदेख नसताना, मला आत बोलावले. अंगावरची भिजलेली बंडी काढून घेतली, चुलीजवळ दोरीवर टाकली आणि पेज वाढली. पेज संपायच्या आत ती ओरडली, "आरं, हे काय पाझरतंय?"

बंडीच्या छातीवर केशरी तेलकट डाग पसरत होता. तिने बोट लावून पाहिले.

"शेंदूर हाय. देवीला छातीशी शिवून फिरतोस नि सांगत नाय? मंग गाडी मोडंल नाय तं काय!"

"आजे, माझ्या आखाचं खापर देवीवर नको गो फोडू," गाडीवान दारातून म्हणाला.

मी शिवण उसवली. अस्तरात देवीच्या अंगावरच्या कापडाची घडी होती, शेंदराने जाड झालेली. तापात मी बरळत होतो तेव्हा आईने ती शिवली असणार. मला विचारले असते तर मी नको म्हटले असते. मग कल्याणची खोली आठवली. मी कुडकुडत होतो. बंडीला बटणे नव्हती, बांधायचे कापडी बंद होते. आत धातूचे काही नाही ना, एवढे विचारून फोटो काढणाऱ्याने ती अंगावर राहू दिली होती. घडी उजव्या बाजूला, वर होती.

आख बदलल्यावर मी गाडी परत शहापूरला वळवायला लावली. डॉक्टरांनी घडी फोटोवर ठेवून पाहिली. "शेंदरात शिसं असतं," ते म्हणाले. "किरण त्यातून जात नाहीत. पुन्हा फोटो काढू, उघड्या अंगाने."

दुसऱ्या फोटोत वरचा डाग नव्हता. खाली दोन्ही बाजूंना फ्ल्यूच्या फिकट खुणा होत्या, त्या विरून जातील असे ते म्हणाले. थुंकीतही काही निघाले नाही. निघताना ते हसले. "आईंना सांगा, देवी राहू दे छातीशी. फोटोच्या वेळी तेवढी खुंटीला टांगा."

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. ती आधी घाबरली, मग तोंडाला पदर लावून हसली. "तिनंच भेवडावलं नि तिनंच सोडवलं. आपुन मधी कोन रे?"

आख तिथे मोडला नसता तर बंडी त्या चुलीजवळ गेली नसती, एवढे मी सांगू शकतो. त्यापुढचे मला ठाऊक नाही. आता मी विचारतही नाही, हात जोडतो. पाड्यावरच्या म्हातारीलाही जोडतो.

त्या संध्याकाळी बायकोने मुलीला माझ्या मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने ती तिथेच झोपली.