नावपट्टीची जागा

बळीराम बावीस वर्षांपासून उधन्याच्या रस्त्यावर लष्करातून बाद झालेले कपडे विकतो. मूळचा अमळनेरकडचा. दुकानाच्या पाटीवर ‘असली मिलिटरी डिस्पोजल’ असं लिहिलं आहे.

त्याच्या हिशेबी मालाच्या जाती ठरलेल्या आहेत. शिवून झाल्यावर तपासणीत नापास झालेला, कुणीच न घातलेला तो ‘रिजेक्ट’. अंगावर वापरून मग लिलावात निघालेला तो ‘डिस्पोजल’. फाटून कामातून गेलेला तो ‘कंडम’. हा कंडम माल शेजारच्या पांडेसऱ्याच्या मिलांमध्ये यंत्रं पुसायला जातो. ‘डुप्लिकेट’ आपण ठेवत नाही, हे बळीराम गिऱ्हाइकाला न विचारता सांगत असे.

सगळ्यात जास्त मान डिस्पोजल जाकिटाला. छातीवरची नावपट्टी उसवली की तिच्याखालचं कापड मूळ हिरवं राहिलेलं दिसतं. भोवतालचं उन्हाने विटलेलं असतं. हा गडद पट्टा म्हणजे खरेपणाचा पुरावा. उधन्यातले वॉचमन आधी तोच शोधतात. “पट्टा जितका गडद, तितकी नोकरी लांब,” असं म्हणतात. नोकरी कुणाची, ते कुणी विचारत नाही. उसवलेल्या नावपट्ट्या बळीराम स्वतः जाळतो.

गेल्या डिसेंबरात लक्ष्मण इंगळे आला. निवृत्त हवालदार, आता एका मिलच्या वॉचमनांचा सुपरवायझर. त्याला बारा जाकिटं हवी होती, आणि प्रत्येक तो स्वतः तपासणार होता. बळीरामकडे नऊच होती, नवा माल यायला महिना होता.

बळीरामचा भाचा विकास डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला आहे. त्याने बाजारातून तीन कोरी डुप्लिकेट जाकिटं आणली, छातीवर चिकटपट्टी लावली, बाकीचं कापड ब्लीचने विटवलं आणि पट्टी ओढून काढली.

“मामा, कोनले काय समजस?”

“त्याला समजेल. वीस वर्षं अंगावर घातलंय त्यानं.”

तरीही बळीरामने ती तीन गठ्ठ्याच्या मधोमध घातली. पकडला गेला असता तर संध्याकाळपर्यंत उधन्यातल्या प्रत्येक गेटवर बातमी पोचली असती आणि पाटी उतरवावी लागली असती.

माल न्यायला आला तेव्हा लक्ष्मणने एकेक जाकीट घेऊन नावपट्टीच्या जागेवरून अंगठा फिरवला. नऊ एका बाजूला ठेवली, तीन दुसऱ्या.

“या तिन्हींना सुईची भोकं नाहीत,” तो म्हणाला. “इथं पट्टी कधी शिवलीच नव्हती.”

“माल कमी पडला, हवालदारसाहेब. चुकलं माझं. नऊ घेऊन जा.”

“नऊ राहू द्या. ही तीन बांधा.”

बळीरामला वाटलं, चेष्टा चालली आहे. त्याने सुतळीला हात लावला नाही.

“त्या नऊंवर नऊ माणसांची नावं होती, बळीरामभाऊ. माझी माणसं गेटवर बिड्या ओढतात, खुर्चीत डुलक्या काढतात. दुसऱ्याच्या नावाची जागा छातीवर घेऊन ते नको. ही तीन कुणाचीच नाहीत. अशीच आणखी नऊ करा. आणि तो पट्टा कशाला उमटवता? साधी द्या.”

“पट्टा नसला तर वॉचमन अंगाला लावणार नाहीत, साहेब. डुप्लिकेट म्हणतील.”

लक्ष्मणने ती तीन बळीरामपुढे सरकवली. “मग असू द्या पट्टा. पण भोकं पाडू नका.”

आठवड्याभरात बारा पूर्ण झाली. खरी नऊ जाकिटं पुढच्या पंधरवड्यात सुटी सुटी विकली गेली. पाटी आहे तिथेच आहे. डुप्लिकेटचा विषय मात्र बळीराम आता कुणी विचारल्याशिवाय काढत नाही.