एकाच नळीची गाडी

चिमटेदादाला खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघायचा नाही. गाडी पिकअप घेत नाही म्हणून कोणी आलं, की हा पेट्रोलच्या परतीच्या नळीला चिंधी गुंडाळायचा आणि पक्कडीने चिमटा काढायचा. जुन्या गाड्यांत नळ्या दोन. एक टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल आणते, दुसरी उरलेलं परत टाकीत नेते. परतीची दाबली आणि पेट्रोलचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा उसळला, की पंप ठणठणीत. हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

धाकट्या बहिणीचं मात्र ऐकेल तर शपथ! ती त्याच्याच हाताखाली शिकली, नव्या गाड्या त्याच्यापेक्षा बऱ्या जाणायची, आणि हा तिला पाने-पक्कडी पुसायला लावायचा. आता बसा बोंबलत. तिला मोठ्या गॅरेजातून बोलावणं आलं होतं, संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. इंजिनाला हात लावू देणार असशील तर राहते, असं ती सकाळीच म्हणाली. ती गेली तर आपण उघडे पडू, हे दादाला कळत होतं. पण मान तुकवेल तो दादा कसला.

दुपारी चढावर धापा टाकणारी एक नवी गाडी आली. धाकटी आत बसून इंजिन चालू ठेवत होती. उघड्या बॉनेटमुळे तिला पुढचं काही दिसत नव्हतं.

"दादा, हिला परतीची नळी नसते," तिने आतून सांगितलं. जास्तीचं पेट्रोल टाकीतच वळतं, इंजिनाकडे एकच नळी येते, हेही सांगितलं. दादाने नुसतं हूं केलं, आणि सापडली ती नळी दाबली.

ती तडकली. कडक प्लास्टिक ते, रबरासारखं थोडंच सोसणार? पेट्रोलचा फवारा उडाला, आणि शेजारीच सायलेन्सरचा तापलेला पाइप. दादाने दोन्ही तळहातांनी फट दाबून धरली, तरी बोटांमधून पेट्रोल गळतच होतं. ओरडायचंही त्याला सुचलं नाही. आपलं काय व्हायचं ते होवो, पण आत ती बसली आहे.

तिला वास लागला. तिने चावी फिरवली तसा पंप थांबला. मग उतरून तिने त्याला मनगट धरून बाहेर उन्हात ओढलं. बॉनेटखालून वाफा निघत राहिल्या आणि दोघं श्वास रोखून बघत राहिली. हळूहळू वाफा विरल्या. पेटलं नाही.

आता ही आपला उद्धार करणार, म्हणून दादा मान खाली घालून उभा राहिला. ती मात्र नळाखाली त्याचे हात साबणाने धूत राहिली, आणि तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

"तू जा तिकडे," तो म्हणाला. "तिथे तुझं ऐकतील."

"आणि तू?"

तिच्याशिवाय कसं निभणार, या विचाराने त्याला भडभडून आलं होतं.

"नवी गाडी आली तर फोन करेन. उचलशील ना?"

"उचलेन," ती म्हणाली. "पण आधी विचारायचं, मग दाबायचं."