डाव्या कोपऱ्याची बोटं

आमच्या आळीच्या कबड्डी संघाला मी भर मैदानात भित्रे म्हणालो आणि त्यांना धडा शिकवायला स्वतःच खेळायला उतरलो. तोपर्यंत मी कबड्डी फक्त रेषेबाहेर उभं राहून, ओरडून खेळलो होतो.

मी पेणचा. नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत, स्टोअरला. त्या उन्हाळ्यात स्पर्धा रोह्यात होती आणि ‘या, आमची पोरं बघायला या’ असं मी शिफ्टमधल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. संघाचा मॅनेजर मीच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. राखीव खेळाडूंत एक नाव कमी पडलं तेव्हा माझंच घातलं. कागदावर पोट दिसत नाही.

आमची पोरं सगळी गणपतीच्या कारखान्यांतली. समोरचा संघ धरमतर खाडीकडचा, मिठागरातला. चिखल तुडवून तुडवून त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. त्यांचा चढाईवाला आला की आमची पोरं पंगतीत वाढप्याला द्यावी तशी वाट द्यायची. डावा कोपरा सांभाळणारा आमचा पोरगा तर पायाशी वाकायचा आणि ऐन वेळी हात मागे घ्यायचा. हा कारखान्यातला आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणारा. मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन लोण चढले आणि माझ्या शिफ्टची मंडळी शेंगा खात माझ्याकडे बघून हसायला लागली.

मग मी सुटलो. “भित्रे सगळे! जोर नाय, जिद्द नाय. पकड करताय का पाया पडताय?”

डावा कोपरा पाणी पीत होता. शांतपणे म्हणाला, “दादा, सोमवारी आखणी हाय. परदेशाचा माल हाय. मागल्या साली असंच बोट मोडलं, तर हंगामभर रंग ढवळत बसलो.”

“आखणी गेली खड्ड्यात,” मी म्हणालो.

पेणचा माणूस रागाच्या भरात बापाला बोलेल, वेळ आली तर देवालाही बोलेल. आखणीला बोलत नाही. मूर्ती कितीही सुबक असो, डोळा फसला की ती कुणी घरी नेत नाही. आळीतल्या निम्म्या चुली त्या बारीक रेषांवर पेटतात. माझ्या वडिलांनीही जन्मभर शाडू मळूनच मला शिकवलं होतं. डाव्या कोपऱ्याने तांब्या खाली ठेवला.

“मग या तुम्ही. माझ्या जागेवर या.”

शेंगावाले बघत होते. नाही कसं म्हणणार? कुणाची तरी चड्डी चढवली, जिथे अडली तिथे सोडून दिली, आणि उतरलो.

पहिलीच चढाई. समोरून तो मिठागरवाला आला, आमच्यात फिरून परत जायला वळला. मी डोळे मिटले आणि त्याच्या घोट्यावर झेप घेतली. घोटा मिळाला नाही, जमीन मिळाली, तीही उजव्या मनगटावर. कट्कन आवाज झाला. चढाईवाल्याला मध्यरेषा दोन पावलांवर होती. तो थांबला, वाकला आणि म्हणाला, “लागला काय दादा?”

पंचांची शिट्टी वाजली. दम तुटला, चढाईवाला बाद, गुण आम्हाला. कबड्डीत माझ्या नावावर असलेला हा एकुलता एक गुण, आणि तोही खरं तर त्याच्या माणुसकीचा. गुण गेल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. दोन्ही हातांनी माझं कोपर धरून त्याने मला रेषेबाहेर नेऊन बसवलं.

माझ्या जागी डावा कोपरा परत आत गेला. बोटं मुठीत मिटून, नुसत्या खांद्याने त्याने एकदा त्याच चढाईवाल्याला रेषेबाहेर रेटलं. तरी हरलोच.

रोह्यातच प्लास्टर झालं. परतायला कारखान्याचा टेम्पो होता, मूर्ती नेण्याचा. पोरांनी मला पेंढ्यात बसवलं. हाताखाली पेंढा, बाजूंनी पेंढा, वरून गोणपाट आणि सुतळी. मुंबईला जाणाऱ्या मूर्तीचा पुढचा हात बांधतात, अगदी तसा. हायवेला खड्डे तेव्हाही होते. खड्डा दिसला की कुणीतरी ड्रायव्हरला हाक द्यायचा, “सावकाश रे, हात हाय.” ज्या नाजूकपणावर मी दुपारी ओरडलो, त्याच नाजूकपणात गुंडाळून मला त्यांनी घरी आणलं. एका शब्दानेही कुणी टोमणा मारला नाही. मारला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

बायको बाळंतपणाला माहेरी, कोलाडला. घरात मी आणि माझा डावा हात, आणि डाव्या हाताला काही येत नव्हतं. पोरांनी आपसात पाळ्या लावल्या. कुणी जेवणाचा डबा आणायचा, कुणी शर्टाची बटणं लावायचा, पायजम्याच्या नाडीलाही एक जण नेमलेला. भाताचा घास भरवताना सुद्धा कुणी तोंड वाकडं केलं नाही.

दाढी मात्र डाव्या कोपऱ्याकडे. सोमवारी संध्याकाळी आखणी आटोपून तो आला. बोटांना रंगाचा वास होता आणि दहाही बोटं जागेवर होती. त्याने माझी हनुवटी वर केली, फेस लावला आणि वस्तरा असा चालवला की गालावर काही फिरतंय हे कळू नये. मी न राहवून म्हटलं, “अरे, मी त्या दिवशी जे बोललो ना आखणीला, ते...”

त्याने वस्तरा थांबवला.

“दादा, सकाळपासून गणपतींचे डोळे आखतोय. एक हलला नाय. तुमचंच तोंड बंद व्हत नाय.”