सेल्वीला घरी पोचवताना

फोन शाळेतून आला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, “तुझी आत्या गेली गं…” मी घरून शाळेला निघाले होते, तशीच खुर्चीत बसले. त्याला आता महिना होत आला.

आमची ही चर्चची शाळा येलहंक्यात, कन्नड मुलुखात, चर्चच्या मागच्या ओसरीत सुरू झाली. पुढे कौलारू वर्ग बांधले, आणि तेव्हाच सुलोचनाआत्या गणित शिकवायला लागली. हिंदू बाई, ठसठशीत कुंकू लावणारी. पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या मंडळींतल्या, काहींना ते रुचलं नव्हतं. पण पोरांना बेरीज-वजाबाकी येऊ लागली आणि कुजबुज थांबली. आत्या तशी भित्रीच. हमरस्ता ओलांडताना माझा दंड धरायची.

मी त्याच शाळेत नवीन लागले होते, तेव्हाची गोष्ट. नदीच्या पाण्यावरून कन्नड-तमिळ वाद होऊन शहर पेटलं होतं. तमिळ माणसांची दुकानं फोडल्याच्या बातम्या येत होत्या. दुपारीच शाळा सोडली. पालक धावत आले, पोरांना घेऊन गेले. तिसरीतली सेल्वी तेवढी राहिली. तिचे वडील आले नाहीत… फोन कुठे करणार? सिस्टर म्हणाल्या, इथेच राहू दे. पण गेटबाहेरून घोळका दोनदा ओरडत गेला, आणि आत्याला तिथे थांबणंही धोक्याचं वाटू लागलं.

तिने सेल्वीला जवळ घेतलं आणि कन्नडमध्ये समजावलं, की रस्त्यात तमिळ बोलायचं नाही, कुणी काही विचारलं तर एकच वाक्य म्हणायचं. ते वाक्य मराठी होतं. सेल्वीने ते घोकलं, आणि आम्ही दोघी तिला तिच्या घरी पोचवायला निघालो.

रेल्वेच्या रुळांकडे जाणाऱ्या वळणावर टायर जळत होता. चार-पाच जणांनी आम्हाला अडवलं आणि पोरगी कुणाची म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, भावाची, आम्ही मराठी माणसं. माझ्या दंडात तिची नखं रुतत होती. एकजण वाकून सेल्वीला नाव विचारू लागला. सेल्वीने आत्याकडे पाहिलं.

“आत्या, घरी चल.”

तो जरा वेळ तिच्याकडे बघतच राहिला… मग बाजूला झाला. “होगी अक्का,” जा ताई, असं म्हणाला, आणि आम्ही निघालो. पळायचं नाही, असं आत्या दातांतल्या दातांत सांगत होती.

सेल्वीच्या घराला कुलूप होतं. तेवढ्यात शेजारच्या गौडांच्या बाईंनी दार किलकिलं केलं आणि आम्हाला आत ओढलं. सेल्वीचे आई-वडील त्यांच्याच मागच्या खोलीत लपले होते. वडिलांच्या कपाळाला पट्टी होती. शाळेकडे निघाले असतानाच त्यांना मारहाण झाली होती. आईने लेकीला पोटाशी धरलं, पण रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला.

मी म्हटलं, “आता निघू या.” आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती.

“स्वल्प थांब,” ती म्हणाली. “पायांत जीव येऊ दे.”

त्या आठवड्यात ते कुटुंब कुठेतरी निघून गेलं. सेल्वी पुन्हा शाळेत आली नाही. सुखरूप आहे की नाही, हे आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून शाळा सुटली की ती गेटपाशी उभी राहायची, शेवटचं मूल जाईपर्यंत. ऊन असो, पाऊस असो. फादरनी वॉचमन ठेवला, तरी ती हलली नाही.

आता मी उभी राहते. काल एका मुलीची आई उशिरा आली. सिस्टर म्हणाल्या, वॉचमन आहे, तू जा. मी ‘सरी’, बरं, म्हटलं, पण पाय निघेना. आई आली, मुलगी स्कूटरवर बसून हात हलवत गेली. तरी मी वळणाकडे बघत राहिले… ती पोचली असेल ना?