बीपीची गोळी सणसरचीच

आईचं बीपी मी वाढवलं. त्यात कुठल्याही डॉक्टरचा काडीचा दोष नाही.

आम्ही शेळगावचे, आईचं माहेर सणसर. दर मंगळवारी ती एसटीनं सणसरच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जायची आणि अर्धा दिवस रांगेत बसायची. जाताना पिशवीत चटणी आणि सहा भाकरी. (बीपी तपासायला सहा भाकरी कशाला, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.) मला फक्त लाज वाटायची. पोरगा बारामतीत नोकरीला आणि आई सरकारी बाकावर!

मग मी तिला बारामतीतल्या एका गारेगार दवाखान्यात नेलं. नंबर आधीच लावलेला. दहा मिनिटांत तपासणी, तीन महिन्यांच्या गोळ्या, काम खल्लास! काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं केला. "आजी, आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?"

"न्हाय," आई म्हणाली. "आत्ता कुठं टेकले हुते."

पुढच्या खेपेला बीपी चढलेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, आणखी चढलं. मी घरातलं मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली. (पापडावरून बायकोनं चार दिवस अबोला धरला.) शेवटी आईवरच डाफरलो, "एवढा मोठा डॉक्टर गाठून दिला, तुला कमी काय पडतंय?"

"डॉक्टर चांगला हाय रं. पण तुझा मामा गेला, घराला कुलूप लागलं. आता सणसरला कुठल्या निमित्तानं जाऊ? त्या रांगंत सुमी येती, फातिमा येती. आमी एका शाळंतल्या. तितं मला अजून पोरी म्हणत्यात."

पुढच्या मंगळवारी तिला गाडीवर बसवून सणसरला नेलं. तीन तास रांग. तिघींनी मिळून भाकरी संपवल्या, साऱ्या गावाची खबर घेतली, आणि आईचं बीपी निघालं एकदम ठीक. सिस्टरनं सहज माझ्या दंडाला पट्टा बांधला, तर माझंच चढलेलं!

"भाच्याला बी आणत जा गं पोरी," फातिमामावशी म्हणाली.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. फार आठवण येते तिची. आता आम्ही बारामतीत राहतो, माझी गोळी घराखालच्या दुकानात मिळते, तरी जमेल त्या मंगळवारी रजा टाकून मी सणसरला जातो. दोघी मावश्या जागा धरून ठेवतात, "भाच्या, जेवलास का?" विचारतात. रांगेच्या नावानं जन्मभर बोटं मोडणारा मी, माझा नंबर जवळ आला की मागच्याला म्हणतो, "तुमी व्हा पुढं. मला काय घाई न्हाय."