सात देव आणि एक समई

कॉम्प्युटर दुकानात नेला की पठ्ठ्या पळायचा आणि घरी आणला की बसकण मारायचा. दोनदा मी तो रिक्षात घालून नेला. दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याने माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "मॅडम, याला काहीही झालेलं नाहीये." मग काय मला झालं होतं?

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी नाशिकला घरच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचे. त्या संध्याकाळी दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार मुलीच्या पत्रिकेचा नमुना न्यायला येणार होते, आणि पडद्यावर एक शब्द उमटेपर्यंत चहाला उकळी येत होती. आधीची दोन गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेलेली. नवरा सकाळीच म्हणाला होता, "हेही काम गेलं तर विकून टाकू." मला रडू येत होतं आणि संतापही. त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं ते एकच काम होतं.

शेवटी ओझरच्या कारखान्यात असलेल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाब. कोण किती खातंय ते दिसेल."

दाबलं. सीपीयू शंभर टक्के. यादीत एका दिव्याच्या प्रोग्रामचं नाव एकाखाली एक सात वेळा.

तो दिवा मला माहीत होता. नवऱ्याने कुठल्याशा सीडीवरून आणलेली, पडद्यावर तेवणारी समई. मी कामाला बसायच्या आधी सासूबाई आंघोळ करून ती लावायच्या. खालच्या पट्टीवर एक बारीक ज्योत दिसायची, तिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पण सात?

"आई, दिवा किती वेळा लावता?"

"देव्हाऱ्यात देव सात. एकाला लावायचा आणि बाकीच्यांना अंधारात ठेवायचं?"

"मग नंतर बंद का नाही करत?"

"फुली मारून? देवापुढचा दिवा कुणी फुली मारून घालवतं का गं? मी आपली ती उणेची खूण दाबते. तुला मध्ये येत नाही."

मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. सहा समया बंद केल्या. आकडा शंभरावरून सरसर खाली आला, तशी माझ्या छातीवरची धोंड उतरली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी दिंडोरीकर नमुना हातात धरून म्हणाले, "लय भारी झाली ताई. आता बाकीच्याबी तुम्हीच करा."

रात्री पानं वाढताना सासूबाई म्हणाल्या, "तुझं काम बंद पडू नये म्हणूनच लावत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एकच समई होती. तिच्यापुढे टेबलावर ताम्हन, आणि त्यात ओल्या अंगाने बसलेले सातही देव. मी कीबोर्ड थोडा बाजूला सरकवला आणि कामाला लागले.