सासूबाईंच्या गालांवरची लाली

पहिलं मूल गेलं त्या वर्षी माझी देवावरची श्रद्धा उडाली. सासूबाई एकट्याच देवापुढे दिवा लावत. यजमान माथेरानच्या एका हॉटेलात राखणदार होते. पावसाळ्यात हॉटेल बंद असे. मागच्या खोलीत आम्ही तिघंच.

श्रावणातली दुपार होती. यजमान सामान आणायला नेरळला उतरले होते. धुकं इतकं, की अंगणातली जांभूळ दिसेना. सासूबाईंना हुडहुडी भरली. "शेगडी आत घे गं, नि दार लाव. हाडं गारठलीत," त्या म्हणाल्या. मी फुललेले कोळसे आत आणले, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. धूर नव्हता, वास नव्हता. हळूहळू माझं डोकं ठणकू लागलं. सासूबाई झोपल्या होत्या, आणि त्यांचे गाल नव्या नवरीसारखे लाल झाले होते. ऊब मानवली म्हणायची, असं वाटून मी भिंतीला टेकले. मग पाय जागचे हलेनात. भीतीसुद्धा वाटली नाही, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तेवढ्यात बाहेरून बाईचा आवाज आला. "पोरी, दार उघड गं. तहान लागलीय." आवाज अनोळखी होता. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणू नये, एवढंच सुचलं. सरपटत जाऊन मी कडी काढली आणि उंबऱ्यावर कोसळले.

गार हवेनं भान आलं. ओसरीवर कोणी नव्हतं. चिखलाचं एक पाऊलही नाही. सासूबाईंना ओढत बाहेर काढलं, ओरडले. जवळचे घोडेवाले धावत आले आणि त्यांनी आम्हाला हातरिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सासूबाईंना प्राणवायू लावला.

"श्वासातला प्राणवायू रक्तातल्या तांबड्या पेशी उचलतात नि अंगभर पोचवतात," ते म्हणाले. "कोंडलेल्या कोळशाचा विषारी वायू पेशींमधली प्राणवायूची जागा बळकावतो, लवकर सोडत नाही. रक्त लालभडक दिसतं, पण आत माणूस गुदमरत असतो. ती लाली तब्येतीची नव्हती, बाई."

त्या दुपारी डोंगरावर कुणी अनोळखी बाई दिसल्याचं कोणीच सांगितलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले. क्षीण आवाजात विचारलं, "तिला पानी दिलंस का गं?"

 ती कोण, हे मी आता शोधत नाही. श्वास आत येतो, रक्तात मिसळतो, बोटांच्या टोकापर्यंत जातो. त्यातलं मी काहीच करत नाही. जो हे चालवतो त्याच्या हाती सगळं सोपवून, हात जोडून बसते.